ऑक्टोबरात कॅम्पर घेऊन किन्नौर-स्पितीला

कॅम्पर, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेली आमची गाडी, रंकाळ्यावर उभी केली की चार माणसं जमतातच आणि पहिला प्रश्न ठरलेला, भावा ही गाडी स्पितीला चढली कशी, इंजिन कितीचं, टर्बो हाय का. मला वाटतं प्रश्न दुसराच विचारायला पाहिजे, कुठल्या महिन्यात गेला आणि कुठल्या बाजूनं चढला. गाड्या तिथं सगळ्याच जातात, हिमाचलच्या एसटीची साधी बस जाते की. पण घर बरोबर घेऊन जायचं तर ऑक्टोबर आणि मनालीऐवजी किन्नौरची बाजू, हे मला आता इतकं पटलंय की सगळं सविस्तर लिहूनच टाकतो.

आधी रस्ता. तावडे हॉटेलपाशी जो एनएच ४८ आपण रोज बघतो तोच धरून बसलात तर पुणे, सुरत, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर करत थेट दिल्लीला जाता येतं. मग ४४ नं अंबाला, आणि पुढं कालका-शिमला करून एनएच ५. हा ५ नंबर म्हणजे जुना हिंदुस्तान-तिबेट रोड, डलहौसीच्या काळात १८५० ला त्याचं काम सुरू झालं, अलीकडंपर्यंत त्याचा नंबर २२ होता, आणि तो सतलजच्या कडेकडेनं शिपकी खिंडीकडं म्हणजे तिबेटच्या हद्दीकडं जातो. खाबला स्पिती नदी येऊन सतलजला मिळते, तिथं ५ सोडायचा आणि ५०५ धरून स्पितीच्या काठानं वर चढायचं. डावी-उजवीकडं नुसता उघडा कातळ, झाड नाही, आणि त्यात खोबण कोरल्यासारखा रस्ता. ऑक्टोबरात वरचं बर्फ वितळायचं कमी झालेलं असतं त्यामुळं पाणी निवळलेलं असतं, पुलावर थांबून खाली बघत बसावं वाटतं. पण तिथं गाडी लावू नका, जागा नाही.

आता महिना. पावसाळ्यात या रस्त्यावर जायचंच नाही, यात मी कुणाचं ऐकणार नाही. ११ ऑगस्ट २०२१ ला किन्नौरमधल्या निगुलसरीला अख्खा डोंगर खाली आला, त्यात एसटी बस आणि इतर गाड्या सापडल्या आणि २८ माणसं गेली. त्या ठिकाणावरून जाताना आम्ही सगळे गप्प होतो, ताईनं नुसते हात जोडले. पाऊस सरला की दरडी कमी होतात, पण नोव्हेंबरात वर पाणी गोठायला लागतं, बर्फ पडायला लागतो, म्हणजे मधली खिडकी लहानशी. आणि नेमका त्याच वेळी किन्नौरमध्ये सफरचंदाचा हंगाम, कारण शिमल्याकडचं सफरचंद आधी संपतं, किन्नौरचं उंचावरचं म्हणून उशिरा येतं.

गळीत हंगामात आपण उसाच्या ट्रॉलीला रस्ता सोडतो तसा इथं सफरचंदाच्या पिकअपला सोडायचा. पिओच्या (रेकाँग पिओ, किन्नौरचं मुख्य गाव) पुढं एका ठिकाणी आम्ही चहाला थांबलो होतो, नदीच्या पलीकडच्या बागेतनं तारेवरून पेट्या अलीकडं येत होत्या. जाड लोखंडी तार, तिला टांगलेला पाळणा, पलीकडं एक बाई पेट्या भरतीये आणि अलीकडं दोन पोरं उतरवून घेतायत, पाळणा मधेच वाऱ्यानं हलतो आणि खाली सतलज. पेटी उतरवली की एक पोरगा झाकण उघडून वरचा थर हातानं चाचपायचा, मार लागलेलं फळ बाजूला काढायचा, कागद नीट करून परत झाकण. त्यानं बाजूला काढलेली फळं आम्ही विकत मागितली तर त्यांनी पैसे घेतले नाहीत, दाजींनी मग गाडीतनं गुळाची ढेप काढून दिली. कोल्हापूरचा गूळ पाळण्यातनं पलीकडं गेला, त्या बाईनं तिथनं हात केला.

म्हणून सांगतो, त्यांचं वर्षाचं उत्पन्न या दिवसांत या एकाच रस्त्यानं खाली जातं, आपली रुंद गाडी वळणावर लावून फोटो काढत बसायचं नाही. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा घाटातला नियम पाळा, पण समोरनं लोडेड पिकअप उतरत असेल आणि तुमच्याकडं थांबायला जागा असेल तर तुम्हीच थांबा.

बाजूचं म्हणाल तर सगळा हिशोब उंचीचा. मनालीकडून आलं तर मनाली साधारण २,०५० मीटर, आणि काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाला, पोचायचं म्हणजे एकाच दिवसात ४,५५१ मीटरची कुंझुम खिंड ओलांडायची. अटल टनेल २०२० ला झाल्यापासून रोहतांग चुकतो पण कुंझुम चुकत नाही. डोकं दुखणं, उलट्या, झोप न लागणं हे त्यामुळं होतं आणि लोक म्हणतात स्पिती सोसली नाही. किन्नौरकडून कल्पा २,९६० च्या आसपास, नाको ३,६६०, मग ताबो परत खाली ३,२८०, मग काझा. डॉक्टर लोकांचा साधा नियम आहे की ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. हॉटेलचं बुकिंग असलं की माणूस हा नियम मोडतो, कारण पैसे भरलेले असतात. कॅम्परचा खरा फायदा मला इथं कळला. बायकोला पूहच्या पुढं डोकं जड वाटायला लागलं, आम्ही पुढं गेलोच नाही, गावात विचारलं, एका काकांनी बागेशेजारची सपाट जागा दाखवली, तिथंच मुक्काम. सकाळी ती एकदम फ्रेश, मग नाको. कुणाला फोन करून बुकिंग हलवा म्हणायची भानगड नाही.

थंडीची तयारी मात्र कोल्हापुरात बसून करायची, तिथं जाऊन होत नाही. आमची कॅम्पर म्हणजे साधी ट्रॅव्हलर मिनीबस, उद्यमनगरात एका मित्राच्या शेडमध्ये बॉडीचं काम केलं (आणि हो, आरटीओत बदलाची नोंद करून घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच बघतात). मित्र जुना फाउंड्रीवाला, त्यानं एक गोष्ट हट्टानं केली, लिथियमची बॅटरी बाहेरच्या डब्यात न ठेवता आत बेडखाली बसवली. कारण असं की लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्याच्या खाली चार्ज केली तर आत लिथियम धातूचा थर बसतो आणि तिची ताकद कायमची घटते. नाकोला सकाळी काय होतं, काचेवर आतल्या बाजूनं आपल्याच श्वासाचा बर्फ जमलेला असतो, बाहेरच्या बादलीवर पापुद्रा, आणि सूर्य रिओ पुर्ग्यिल शिखराच्या बाजूनं वर आला की छतावरचं सोलर पॅनेल लगेच करंट द्यायला लागतं. बॅटरी बाहेर असती तर नेमकी गोठलेली असतानाच चार्ज झाली असती. आत असल्यामुळं रात्रभर आमच्याच उबेत राहिली. त्या माणसाच्या डोक्याला मी सलाम करतो, त्यानं स्पिती बघितलेली पण नाही.

गॅसचं पण तसंच. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन दोन्ही असतात, ब्युटेन शून्याच्या आसपास गॅस व्हायचंच थांबतं, त्यामुळं सिलिंडर अर्धा भरलेला असतो आणि शेगडी मात्र फुरफुरत विझते. सिलिंडर उन्हात आणून ठेवायचा आणि धीर धरायचा, त्याला गरम करायला ज्वाला कधीही लावायची नाही. आणि पाणी नाकोला ८८ डिग्रीलाच उकळतं, भात उघड्या पातेल्यात नीट शिजत नाही, कुकर पाहिजेच. आमचं मेन्यू कार्ड म्हणजे पिठलं-भात, कांदा-लसूण चटणी आणि बायकोच्या ज्वारीच्या भाकरी, आणि त्या थंडीत त्या चटणीची जी चव लागते ती घरी लागत नाही.

झोपताना गाडीत शेगडी, कोळसा काहीही पेटतं ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जाड रजया, गरम पाण्याची पिशवी आणि एक काच बोटभर उघडी. हे मी हात जोडून सांगतोय.

डिझेल पिओच्या आसपास फुल्ल करायचं, पुढचा भरवशाचा पंप एकदम काझाला, मधे दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. संडासाची टाकी नदीत किंवा रानात ओतायची नाही, त्या कोरड्या मुलखात प्रत्येक ओढा कुणाच्यातरी पिण्याचा असतो. होमस्टेवाल्यांना विचारायचं, पैसे द्यायचे, त्यांच्या संडासात रिकामी करायची. कुणी नाही म्हटलं नाही.

ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन ९९६ चा. बाहेरनं मातीच्या बसक्या भिंती, काही वाटत नाही, आत गेलं की अंधार, आणि डोळे सरावले की भिंतभर चित्रं दिसायला लागतात. आत फोटो काढू देत नाहीत ते बरंच आहे, आम्ही नुसते बघत बसलो. बाहेर पॉपलर आणि विलोची झाडं पिवळीधमक झालेली, नदीकाठच्या काटेरी झुडपांवर छरम्याची केशरी फळं. दाजी म्हणाले आता इथंच राहू, आणि राहिलो पण, ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त.

काझाहून कुंझुम करून मनालीला उतरायचं का यावर आमची बरीच चर्चा झाली. बटल ते ग्राम्फू रस्ता म्हणजे दगडगोटे आणि ओढे, ट्रॅव्हलरची मागची बाजू चाकाच्या बरीच बाहेर असते, प्रत्येक ओढ्यातनं वर चढताना ती घासणार, आणि त्यात खिंडीवर कधीही बर्फ. एसयूव्ही असेल तर खुशाल जा. कॅम्पर असेल तर आल्या वाटेनं परत फिरा, किन्नौर दुसऱ्या दिशेनं बघितलं की वेगळंच दिसतं, उतरताना सगळं दरीकडचं समोर येतं.

पुढच्या वेळी आम्ही जरा उशिरा निघणार आहोत आणि स्पितीत न चढता पिओपर्यंतच जाणार आहोत. ११ नोव्हेंबरपासून याच रस्त्यावरच्या रामपूरला लवीचा मेळा भरतो, बुशहर संस्थान आणि तिबेट यांच्यातल्या जुन्या व्यापारातनं सुरू झालेला, लोकर, चिलगोझे, सुकी जर्दाळू सगळं तिथं येतं. दाजींना तिथले चामुर्थी घोडे बघायचेत. दोन गाड्या झाल्या तर बरं, कोण येणार असेल तर दिवाळीच्या आत सांगा.