पेटीचा खरा हिशोब पावसाळ्यात

आमच्या भुदरगडात पाटगावचं नाव झाल्यापासून मधमाश्यांच्या पेट्यांच्या चौकश्या वाढल्यात. २०२२ साली महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्यापाठोपाठ आपलं पाटगाव. आता गारगोटीच्या बाजारात गाठ पडेल तो विचारतो, "वहिनी, एका पेटीमागं किती सुटतंय?"

सुटतंय ते सांगते. आमच्याकडं सातेरी, म्हणजे आपली देशी माशी. जांभळाचा फुलोरा नीट साधला तर वर्षाला पेटीमागं पाच ते दहा किलो मध. मेलिफेरा ही परदेशी माशी याच्या कितीतरी पट देते, पण तिच्या पेट्या गाडीत घालून सूर्यफुलामागं, मोहरीमागं हिंडावं लागतं. आमच्या डोंगराला सातेरीच बरी. जांभूळ आहे, हिरडा आहे. कारवी फुलली की चंगळ, पण ती सात वर्षांतून एकदा!

जून ते सप्टेंबर काय करता, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्याकडं पावसाची झड लागली की माशीला बाहेर पडता येत नाही. पेटीतला साठा संपतो. मग साखर आणि पाणी सारखं घेऊन पाक करायचा. तोही तिन्हीसांजेलाच द्यायचा, कारण दिवसा वास सुटला की शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. थेंब सांडला तर मुंग्या हजर, म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. वसाहत कमजोर पडली की मेणकिडा शिरतो. झाकण काढावं तर पोळ्यावर पांढरी जाळी, तळाला काळपट भुसा, आणि माश्या केव्हाच उडून गेलेल्या. पुढच्या उन्हाळ्याचं उत्पन्न तिथंच गेलं.

म्हणून मी पेटीच्या वरच्या कोठीतलाच मध काढते. खालची कोठी पिल्लांची. यावरून दर मे महिन्यात सासऱ्यांशी वाजतं.

"अगं, खाली एवढा मध हाय, सोडतीस कशाला?"

"मामा, तेवढीच साखर कमी लागंल की."

वरच्या चौकटीतही पोळ्याच्या बहुतेक घरांवर मेणाचं टोपण चढल्याशिवाय ती मधयंत्रात घालत नाही. कच्चा मध पातळ असतो, बाटलीत आंबतो.

कोल्हापुरातली गिऱ्हाइकं चोखंदळ. थंडीत मध थिजला की फोन येतो, "साखर घातलीया काय?" मध गोठणारच, बाटली कोमट पाण्यात ठेवा, सांगून सांगून तोंड दुखतं. पावसाळ्यातला पाक लपवायचं कारण नाही. तो माश्यांच्या पोटाला असतो, फुलोरा आला की बंद. विकायला जातो तो फुलोऱ्यातला मध.

खादी ग्रामोद्योग मंडळाच्या योजनेत निम्मं अनुदान मिळतं, निम्मे पैसे आपले. पावसाळ्याची साखर मात्र वहीत वेगळी लिहायची. ती न लिहिता नफा सांगणारे बरेच भेटतात.

आता कागलकडची नणंद पेट्या मागतेय. तिच्याकडं चहूबाजूंनी ऊस. उसात माशीला मकरंद कुठला? उलट गुऱ्हाळं सुरू झाली की माश्या गोड वासानं काहिलीवर जातात आणि रसात पडून मरतात. तिला म्हटलं, आधी बांधावर शेवगा लाव, परसात तुळस वाढव, मग बोलू. ती म्हणते, शेवगा दाजींना विचारून लावते. विचार म्हटलं.