कडुनिंबाचं तेल आणि वाळवीची दुसरी वाट

दाराच्या चौकटीवर मातीची रेघ दिसली तेव्हा वाटलं, कुणाचा तरी चिखलाचा हात लागला असेल. नखानं खरवडली तर आत वाळवी सैरावैरा. पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. वरचा रंग तेवढा शाबूत!

घरात विष फवारायचं नव्हतं, म्हणून कडुनिंबाचं तेल आणलं. नुसतं पाण्यात ओतलं, ते वरच तरंगत बसलं. लिटरभर कोमट पाण्यात आधी चमचाभर पातळ साबण, मग दोन चमचे तेल, आणि घुसळून लगेच फवारायचं, ही अक्कल नंतर आली. वाळवीच्या मातीच्या नळ्या ओस पडल्या, मी खूश. तीन आठवड्यांनी चौकटीच्या दुसऱ्या बाजूनं नवी नळी वर चढली होती.

कडुनिंबातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य किड्याला तिथल्या तिथे मारत नाही. ते त्याची खाण्यावरची वासना उडवतं, कात टाकण्यात बिघाड करतं, आणि उन्हात फार टिकतही नाही. माझी वाळवी जमिनीतून येत होती. राणी खाली मातीत सुखरूप. मी फक्त एक रस्ता बंद केला होता.

मग बिब्ब्याचं तेल लावायची हौस केली. हातमोजे न घालता. बिब्बा असा उतला की आठवडाभर बोटं वाकेनात. तो नाद तिथेच सोडला.

खरं शिकवलं ते चौकटीनंच. सुतारानं ती काढली, तर सागाच्या कडेचं फिकट लाकूड भुगा झालेलं, आतला तपकिरी गाभा मात्र जवळजवळ अभंग. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते वाळवीला मानवत नाही. म्हणजे झाडानं आपला अर्क आधीच आत मुरवून ठेवलेला, आणि मी बाटलीतून वरवर चोपडत होतो.

नवा तुकडा निव्वळ गाभ्याचा घेतला. बसवण्याआधी कापलेल्या टोकांना करंजाचं तेल, पाणी न घालता, तीनदा पाजलं. उघडी टोकं तेल पितात, रंगवलेलं लाकूड पीत नाही. आणि भिंतीतली गळती बुजवली. खरं तर तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती, ओल मिळाली की वाळवी येणारच.

परवा पायरीपाशी पुन्हा एक बारीक नळी दिसली. मधला बोटभर तुकडा मोडून ठेवलाय. तो पुन्हा लिंपला गेला तर आत वर्दळ आहे. आज दुसरा दिवस. अजून तसाच आहे.