वाटणीनंतरचा वाडा

गुरुवार, १२ सप्टेंबर २०२४. मॉस्को, आयडाहो

सकाळी दात घासत होतो तेवढ्यात फोन थरथरायला लागला. ऑफिसातल्या कूग मंडळींचा, म्हणजे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या भक्तांचा, ग्रुप. बॉयसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट आणि कोलोरॅडो स्टेट, ही चार विद्यापीठं २०२६ पासून आमच्या पॅक-१२ कॉन्फरन्समध्ये येणार. एकाने नुसता झेंडा टाकला होता, दुसऱ्याने ओळीने अकरा वेळा "गो कूग्ज". तोंडात फेस तसाच ठेवून मी हिला ओरडून सांगितलं. ही म्हणाली, "ते राहू दे. आज गौरी जायच्या आहेत. मुखवटे उतरवायला कुणीतरी लागेल, पाचला घरी या."

घरच्यांना मी हे प्रकरण वर्षभर समजावतोय, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांची, त्यातही अमेरिकन फुटबॉलची, एकच लीग नसते. दहा-बारा विद्यापीठं मिळून कॉन्फरन्स करतात, आपापसात खेळतात आणि सगळ्यांच्या मॅचेस एकगठ्ठा टीव्हीवाल्यांना विकून आलेला पैसा वाटून घेतात. आमची पॅक-१२ हे पश्चिम किनाऱ्यावरचं १९१५ पासूनचं एकत्र कुटुंब. मूळ नाव वेगळं होतं, माणसं कमीजास्त होत गेली, पण वाडा तोच. ३० जून २०२२ ला लॉस एंजलिसच्या दोघांनी, यूएससी आणि यूसीएलएने, बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जातोय म्हणून सांगितलं. पुढच्या जुलैत कोलोरॅडो उठलं. मग ४ ऑगस्ट २०२३ चा शुक्रवार. एका दिवसात पाच जण गेले: सिएटलचं वॉशिंग्टन आणि ऑरेगन बिग टेनकडे, ॲरिझोनाची दोन्ही आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे. शेवटी स्टॅनफर्ड आणि बर्कली गेले ते अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. राहायला पॅसिफिकच्या काठावर, आणि नाव अटलांटिकचं. वाड्यात उरले दोघे, कोर्व्हालिसचं ऑरेगन स्टेट आणि आमचं पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही शेतीची कॉलेजं, दोन्ही गावं लहान, आणि दोन्हीकडे टीव्हीवाल्यांना दाखवण्यासारखी लोकसंख्या नाही.

मी एम.एस. पुलमनला केलं, नोकरीही तिथेच. घर मात्र आठ मैलांवर, राज्याची हद्द ओलांडून मॉस्कोत, कारण तेव्हा इथे घरं स्वस्त होती.

दुपारी जेवणाच्या टेबलावर डोनट आले होते. वर्षभर या टेबलावर तीन पक्ष आहेत. एकाचं म्हणणं, गप्प बसून वाट बघायची, बिग ट्वेल्व्ह आज ना उद्या दार उघडेल. दुसऱ्याचं, मानपान सोडून सरळ माउंटन वेस्ट कॉन्फरन्समध्ये जायचं, निदान खेळायला कुणीतरी मिळेल. तिसऱ्याचं, वाडा आपला, नाव आपलं, कोर्टाने चावीही आपल्यालाच दिलीय, तेव्हा आपण कुणाकडे का जायचं, आपणच पाहुणे बोलवू. डोनट तिसऱ्या पक्षाने आणले होते.

माउंटन वेस्ट हे शेजारचं, जरा कमी मानाचं घर. या वर्षी खेळायला कुणी नव्हतं म्हणून आमच्या दोघांनी त्यांना १४ मिलियन डॉलर देऊन १२ मॅचेस घेतल्या. त्या करारात एक कलम आहे: आमच्यातला गडी पळवलात तर दंड. पहिल्याला १० मिलियन, पुढच्या प्रत्येकाला अर्धा मिलियन जास्त. मीच टिश्यूवर बेरीज मांडली. दहा, साडेदहा, अकरा, साडेअकरा. ४३. टिश्यू टेबलभर फिरला आणि शेवटी त्यावरच कुणीतरी कॉफी सांडली.

मग पुढचं सुरू झालं. कॉलेजच्या खेळांची देशभराची संघटना एनसीएए, तिच्या नियमाने २०२६ पर्यंत आठ भरायला हवेत, म्हणजे अजून दोन. माउंटन वेस्टमधले अजून कोण घ्यायचे? मंडईत वांगी निवडावीत तशी निवड चालली होती. युएनएलव्ही चालेल, लास व्हेगास आहे. सॅन होजे नको. वायोमिंग तर नकोच, तिथे टीव्ही बघायला आहे कोण?

मला राहवलं नाही. म्हटलं, पुलमनमध्ये कोण आहे? आपलं स्टेडियम ३३ हजारांचं, जुन्या पॅकमध्ये सगळ्यात लहान. गेल्या ऑगस्टमध्ये याच टेबलावर आपण रडलो होतो की शंभर वर्षांची भाऊबंदकी पैशासाठी मोडली म्हणून. आज लॅरमीत, वायोमिंग विद्यापीठाच्या गावात, कुणीतरी तसंच टेबल धरून बसलं असेल.

"मग तू काय केलं असतंस?"

"माउंटन वेस्टचे सगळेच्या सगळे बारा घेतले असते."

"आणि पैसा चौदा ठिकाणी वाटला की ताटात काय उरतं?"

"सिएटलनेही हाच हिशेब केला होता ना."

यावर कुणी काही बोललं नाही. एकाने डोनटचा बॉक्स माझ्याकडे सरकवला. मी घेतला. खरं सांगायचं तर सकाळी बातमी वाचून मलाही आनंदच झाला होता, फेसासकट.

संध्याकाळी मागच्या अंगणात टब भरून ठेवला. हिने गौरींची शिदोरी बांधली, दहीभात आणि दोन करंज्या. कुंपणापलीकडचे आजोबा टोपी काढून उभे राहिले, दर वर्षी राहतात. ८० पार केलेले, आयडाहो विद्यापीठाचे जुने विद्यार्थी, म्हणजे व्हँडल. आरती संपल्यावर म्हणाले, "बॉयसी येतंय म्हणे तुमच्यात." चेहरा असा, की मला वाटलं यांच्या पोटात दुखतंय.

आणि दुखणारच. आयडाहो १९२२ पासून याच वाड्यात होतं. १९५९ मध्ये जुनी कॉन्फरन्स मोडली, कॅलिफोर्नियाच्या चौघांनी आणि सिएटलने आपलं वेगळं घर मांडलं. १९६२ मध्ये त्यांनी पुलमनला आत घेतलं, दोन वर्षांनी ऑरेगनच्या दोघांना. आयडाहोला कुणी बोलावलंच नाही. आठ मैलांचं अंतर, तीच गव्हाची टेकाडं, तोच वारा, पण पुलमन रोझ बोल या मानाच्या मॅचची स्वप्नं बघत राहिलं आणि मॉस्को दारोदार हिंडलं. बिग स्काय, बिग वेस्ट, सन बेल्ट, वॅक, पुन्हा सन बेल्ट, एकामागून एक कॉन्फरन्स. सन बेल्टमध्ये असताना आयडाहोचे पोरगे विमानाने लुइझियाना-जॉर्जियाला खेळायला जायचे. शेवटी २०१८ मध्ये फुटबॉलची वरची पायरी सोडून खाली उतरले, बिग स्कायमध्ये परत. असं आपणहून खाली उतरणारं ते पहिलंच विद्यापीठ. गावात तेव्हा मोठी भांडणं झाली. आजोबा वर्षभर देणगी द्यायचे थांबले होते.

आणि बॉयसी? १९३२ मध्ये ते दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज म्हणून सुरू झालं. राज्याचं मोठं विद्यापीठ मॉस्कोचं. आता धाकटा आपल्या मैदानावरच्या निळ्या कृत्रिम गवतावर खेळून खेळून मोठा झाला आणि थोरल्याच्या जुन्या पाटावर जाऊन बसणार.

"पूर्वी पुलमन-आयडाहोच्या मॅचमध्ये जो हरेल त्याची पोरं चालत दुसऱ्याच्या गावात जायची, ठाऊक आहे?" आजोबा म्हणाले. "१९५४ ला आम्ही जिंकलो तेव्हा तुमचे सगळे इथवर चालत आले होते. मी लहान होतो. वडिलांच्या खांद्यावरून बघितलं." मग जरा थांबून, "गेल्या शनिवारी आम्ही वायोमिंगला त्यांच्या घरी हरवलं. १७-१३. ते घ्या की तुमच्यात, म्हणजे आमचा विजय मोठा दिसेल."

हिने त्यांना करंजी दिली.

शनिवार, १४ सप्टेंबर. रात्री उशिरा, बॉथेल

घसा बसलाय. ॲपल कप, म्हणजे सिएटलच्या वॉशिंग्टनशी आमची मॅच, आम्ही जिंकला. २४-१९.

पहाटे निघालो. पुलमन ते सिएटल पावणेतीनशे-तीनशे मैल, पाच तास. पहिलं गाव कोलफॅक्स. गेल्या नोव्हेंबरमध्ये इथल्याच काउंटी कोर्टात निकाल लागला की उरलेले दोघेच कॉन्फरन्सचा कारभार बघतील, निघालेल्या दहांना त्यात मत नाही. सातबाऱ्यावर कुणाचं नाव राहणार याचाच खटला होता तो. पुढे हायवे २६. डस्टी नावाचं गाव लागतं आणि नावाला जागतं. मग वॉशटक्ना, मग कापणी झालेली पिवळी रानं संपतच नाहीत. व्हँटेजला कोलंबिया नदी दिसली की अर्ध्याहून जास्त झालं म्हणायचं.

इथे बॉथेलला, सिएटलजवळ, मित्राकडे उतरलोय. कोल्हापूरपासूनचा. तो शिवाजी पेठेतला, मी मंगळवारातला. तो शिवाजी तरुण मंडळाचा, मी पाटाकडील तालमीचा, दोन्ही कोल्हापूरच्या फुटबॉलचे कट्टर संघ. इथे येऊनही त्याने वॉशिंग्टनला प्रवेश घेतला आणि मी वॉशिंग्टन स्टेटला, तेव्हा तो हस्की आणि मी कूग. देवाची करणी. शाहू स्टेडियमवर ज्याने माझ्यावर चिरमुऱ्याची पुडी फेकली होती त्याच्याच गाडीतून आज सिएटलच्या लुमेन फील्ड स्टेडियमला गेलो.

गाडीतच सुरुवात झाली. "भावा, बिग टेनवाले वर्षाला तीस मिलियन डॉलरच्या आसपास देतायत, ते पण अर्ध्या हिश्शाचे. आणि तुमच्या पॅककडे काय होतं? ॲपलच्या ॲपवर दाखवायची ऑफर, किती लोक पैसे भरतील त्यावर हिस्सा. तू असतास तर काय केलं असतंस?"

खरंय. मीही गेलोच असतो. श्रीमंताच्या पंगतीत अर्धी पत्रावळ मिळाली तरी ती पंगत सोडवत नाही. मी एवढंच म्हटलं, जाताना निदान खालच्या मानेने जायचं होतं.

पण पार्किंगमध्ये ग्रिलवर सॉसेज उलटवत असताना तो एकदम वेगळंच बोलला. म्हणाला, "सत्तावीस तारखेला, शुक्रवारी रात्री, आमची मॅच न्यू जर्सीला आहे. रटगर्सशी. मी त्यांच्याबद्दल काहीतरी वाईट आठवायचा प्रयत्न करतोय आठवडाभर. काहीच नाही रे माझ्याकडे. त्यांचा रंग कुठला तेसुद्धा बघावं लागलं." शिव्या द्यायलाही ओळख लागते. शिवाजी पेठेच्या माणसाला हे मी सांगायला नको.

आसपास दोन्ही रंग मिसळून उभे होते. जांभळ्यात एक आजी होत्या, किरमिजी टोपी घातलेल्या नातवाला मोहरी लावून देत होत्या. शेजारच्या गाडीवर तोच वाद: घेतलेले चौघे बरोबर की चूक. एक कूग म्हणत होता, बॉयसी आपल्याला दर वर्षी धुणार, कशाला ही ब्याद? दुसरा म्हणाला, तेच तर हवंय, हरायला तरी कुणीतरी ओळखीचं. आमच्याकडे जिंकत आलेली मॅच घालवण्याला स्वतंत्र क्रियापद आहे, 'कूग करणं'. आम्ही ते स्वतःच वापरतो.

मॅचचं सगळं लिहीत बसत नाही. गेल्या नोव्हेंबरमध्ये शेवटच्या क्षणाच्या किकवर २४-२१ ने हरलो होतो, पॅकमधला तो शेवटचा ॲपल कप. आज मिनिटभर उरलं असताना हस्कीज आमच्या गोलरेषेपासून एका यार्डावर. चौथा आणि शेवटचा प्रयत्न. एक यार्ड म्हणजे आमच्या देवघराच्या चौरंगाएवढं. सगळं स्टेडियम उभं. माझ्या पुढचा माणूस पाठ करून उभा राहिला, बघवत नव्हतं त्याला. तो माझ्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेत होता. त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्याने, बॉल घेतला, बाजूला पळाला, पळता पळता धावणाऱ्याकडे फेकला, आणि आमच्या पोरांनी त्याला तिथेच दाबला. पुढचा माणूस ओरडला, "काय झालं? काय झालं?" मला इंग्रजी सुचेना. "अडवला! अडवला!" त्याला कळलं बहुतेक. मिठी मारली.

मित्र दोन मिनिटं बोलला नाही. मग म्हणाला, "नाद खुळा." आणि लगेच, "पण तीस मिलियन आमच्याकडेच आहेत."

ही मॅच २०२८ पर्यंत ठरलेली आहे. पुढचं कुणी बोलत नाही. घरी बसून बघणाऱ्यांना आज ती टीव्हीच्या साध्या चॅनलवर नव्हतीच, पीकॉक ॲपचे पैसे भरावे लागले. हिने भरले नाहीत.

रविवार, १५ सप्टेंबर. मॉस्को

दुपारी पोचलो. येताना वॉशटक्नाच्या पुढे एका धान्याच्या कोठीवर कुणीतरी रातोरात चादरीवर २४-१९ रंगवून टांगलं होतं.

आजोबा कुंपणापाशी पानं गोळा करत होते. काल त्यांचीही मॅच होती, पण आधी माझ्याच मॅचचं विचारलं. सगळं ऐकून घेतलं, चौथ्या प्रयत्नाचं दोनदा. मग म्हणाले, "छान. पण लॅरमीला फोन कोण करणार?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी त्यांच्या पिशवीचं तोंड धरलं आणि त्यांनी पानं भरली.

संध्याकाळी आबांचा फोन आला. तिकडे सोमवारची सकाळ, मागे कुठेतरी मंडळाचा स्पीकर चालू.

"जिंकला का?"

"जिंकलो."

"मग आता तुमची तालीम कुठल्या लीगात?"

पुन्हा सगळं सांगितलं. वाडा, दहा भाऊ गेले, दोन उरले, चार नवे येणार, आठ भरल्याशिवाय मान्यता नाही.

"म्हणजे दोन कमी पडतात."

"हो, आबा."

"एक पाटाकडील घ्या, एक शिवाजी घ्या. भांडणं करायला वेगळी माणसं शोधायला नकोत." आणि मग आईला हाक मारून, "अगं, ऐकलंस का, हा जिंकला!"