नाकावरचा राग

उपासना संपते, लोक दारात चपला शोधत असतात आणि कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, “रोज प्रार्थना करतो, वचन वाचतो, तरी घरात राग येतोच. मुलांवर ओरडतो, मग रात्रभर वाईट वाटतं. माझा विश्वास कमी पडतोय का?” बायका विचारतात तेव्हा “ओरडते” याच्या जोडीला बहुधा “मग दोन-दोन दिवस बोलत नाही” असंही येतं. हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विश्वास कमी पडत नाही, मागणं चुकतं. राग येऊच नये असं आपण मागतो आणि पवित्र शास्त्रात तसं वचन कुठंच दिलेलं नाही. मार्क ३:५ मध्ये सभास्थानातल्या लोकांच्या कठोर मनाचं दुःख होऊन खुद्द येशूने त्यांच्याकडे रागाने पाहिलं. पौल इफिसकरांना लिहितो, तेही “रागवा, पण पाप करू नका” असंच. म्हणजे राग येणं आणि रागाच्या भरात काही करून बसणं यांच्यामध्ये एक फट आहे, आणि ती रुंद करणं हे आपलं काम.

मराठीत आपण म्हणतो, अमक्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. हिब्रू भाषेतही राग नाकावरच बसलेला आहे. ‘अफ’ या शब्दाचा अर्थ नाक आणि अर्थ रागही. निर्गम ३४:६ मध्ये देव मोशेला आपली ओळख सांगतो, तिथे आपल्या मराठी शास्त्रात ‘मंदक्रोध’ असा शब्द आहे. मूळ शब्दांचा सरळ अर्थ मात्र ‘लांब नाकाचा’ असा होतो. जणू तापलेला श्वास बाहेर यायलाच वेळ लागतो. मला हे फार आवडतं, कारण यात देवाला राग नाही असं म्हटलेलं नाही. त्याचा राग लांबच्या वाटेने येतो, एवढंच म्हटलंय. आपल्याकडे “जरा दमानं घे” म्हणतात, ते याच्या फार जवळचं आहे.

आता ही फट रुंद का होत नाही ते पाहू. सगळ्यात मोठी चूक म्हणजे राग घुसळत बसणं. नीतिसूत्रे ३०:३३ मध्ये म्हटलंय की दूध घुसळलं की लोणी निघतं, नाक पिळलं की रक्त निघतं, तसा राग चेतवला की भांडण निघतं. बहिणीला फोन करून तोच प्रसंग तिसऱ्यांदा सांगणं हे घुसळणंच. मन मोकळं झालं असं वाटतं, पण प्रत्येक खेपेला समोरच्याचं वाक्य थोडं जास्त टोचरं होऊन सांगितलं जातं. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसलं. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना दोन मिनिटं नुसतं गप्प बसवलं. ठोसे मारणारेच जास्त चिडलेले राहिले.

मग मनातलं कुठे ओतायचं? देवापुढे, आणि तेही जसंच्या तसं. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. १०९व्या स्तोत्रात शत्रूबद्दल इतकं कडक बोललंय की उपासनेत ते वाचायला लोक कचरतात. ते शास्त्रात आहे याचा अर्थ देवाला ते ऐकवता येतं. बहिणीला सांगणं आणि देवाला सांगणं यात फरक एवढाच की देवापुढे समोरच्याचं वाक्य फुगवून सांगता येत नाही. त्याने ते ऐकलेलं असतं.

ऐन वेळी काय करायचं ते एका सकाळच्या प्रसंगावरून बघू. साडेसात वाजलेत, खाली व्हॅनवाला हॉर्न देतोय, मुलाला एक मोजा सापडत नाही आणि तो पलंगाखाली वाकून हसतोय. तुमचा जबडा घट्ट झाला, कान गरम झाले, हाताची मूठ वळली. यातली जी खूण तुमची असेल ती ओळखून ठेवा, कारण शब्द तोंडातून सुटायच्या काही सेकंद आधी ती येते. खूण आली की आधी श्वास सोडा. लोक श्वास घेतात, तिथेच चुकतं, कारण छाती भरली की आवाज चढायला तयारच असतो. मग चार आकडे मोजेपर्यंत आत घ्या आणि सहा मोजेपर्यंत बाहेर सोडा. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांत शतकानुशतकं चालत आलेली छोटी प्रार्थना यावर नेमकी बसते: आत घेताना “प्रभू येशू ख्रिस्ता”, सोडताना “माझ्यावर दया कर”. दहा वेळा केलं तर दीड-दोन मिनिटं जातात. मोज्यासाठी तीनदाही पुरतं. इथे “माझ्यावर” हा शब्द बदलू नका. “याला सुबुद्धी दे” म्हटलं की पुन्हा घुसळणं सुरू.

मोठ्या माणसांच्या भांडणात दोन मिनिटं पुरत नाहीत. अंगात भिनलेला राग उतरायला साधारण वीस मिनिटं तरी जातात, म्हणून उठून जायचं. पण तोंड फिरवून निघून जाणं हा समोरच्याला मारलेला दगडच असतो. जाताना परत यायची वेळ सांगायची: “मी आत्ता नीट बोलू शकणार नाही, अर्ध्या तासाने येतो.” आणि अर्ध्या तासाने यायचंच. त्या अर्ध्या तासात मोबाईल उघडायचा नाही आणि जुने हिशेबही काढायचे नाहीत. नाहीतर माणूस तिसाव्या मिनिटाला जास्त तापून परत येतो. त्यापेक्षा योना ४:४ मधला देवाचा प्रश्न स्वतःला विचारा: तुला राग यावा हे रास्त आहे काय? उत्तर कधीकधी “हो, रास्त आहे” असं येईल. येऊ द्या. मग करायचं काय, हे ठरवणं सोपं जातं.

भांडणाच्या मध्येच “मी तुझ्यासाठी प्रार्थना करतोय” असं म्हणणं, किंवा जोडीदारावर वचन फेकून मारणं, हे ख्रिस्ती घरांतलं खास हत्यार आहे. ते खाली ठेवा.

रागावर शिकवताना मी १ शमुवेल २५ हा अध्याय सगळ्यात आधी उघडतो. दावीद अजून राजा झालेला नाही, रानात आहे, माणसं उपाशी आहेत. नाबाल या श्रीमंत माणसाकडे तीन हजार मेंढरं, एक हजार शेरडं, आणि लोकर कातरायचा सण चाललाय. दावीदाने दहा तरुण पाठवून नम्रपणे खायला मागितलं. नाबाल म्हणाला, कोण हा दावीद? धन्याला सोडून पळालेले चाकर हल्ली पुष्कळ झालेत. दावीदाने लगेच तलवार बांधली, चारशे माणसं घेतली, दोनशे सामानापाशी ठेवली. आता वाटेत तो काय बोलतो ते वाचा: याचं सगळं मी रानात राखलं ते व्यर्थच, बऱ्याची फेड याने वाइटाने केली. तेच घुसळणं. शिव्या एकाने दिल्या होत्या, पण डोंगर उतरेपर्यंत त्या घरातला एकही पुरुष जिवंत ठेवायचा नाही असं ठरलंही.

समोरून नाबालाची बायको अबीगईल येते. तिने गाढवांवर काय लादलंय याची यादी शास्त्रात आहे: दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचं तयार मांस, पाच मापं हुरडा, मनुकांचे शंभर घड, अंजिरांच्या दोनशे ढेपा. भुकेल्या माणसाशी बोलायला ती भाकरी घेऊन आली. गाढवावरून उतरली, आपलं म्हणणं ऐकून घ्या म्हणाली, आणि मग एकच गोष्ट दाखवली: उद्या तू राजा होशील, तेव्हा विनाकारण रक्त सांडल्याची टोचणी तुझ्या मनाला नसावी. दावीद थांबला आणि आपल्याला अडवल्याबद्दल त्याने तिला धन्य म्हटलं. तापट माणसाला एक काम इथून उचलता येतं. शांत असताना घरच्या एखाद्या मोठ्या माणसाला सांगून ठेवायचं: “माझा आवाज चढला की ‘भाकरी’ म्हण, मी थांबेन.” शब्द कोणताही चालेल. अट एकच, तो ऐकल्यावर वाद घालायचा नाही. हे काम मुलांवर टाकू नका आणि बायकोची जबाबदारी म्हणूनही लादू नका. थांबायचं तुम्हालाच आहे.

याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा सुटते. अबीगईल घरी आली तेव्हा नाबाल पिऊन झिंगला होता. तिने सकाळपर्यंत त्याला चकार शब्द सांगितला नाही. इफिसकरांस पत्रातल्या “तुमच्या रागावर सूर्य मावळू नये” या वचनाचा अर्थ रात्री दोनपर्यंत भांडण ओढत निकाल लावणं असा घेणाऱ्या जोडप्यांनी हे जरूर वाचावं. यहूदी दिवस सूर्यास्ताला संपतो, म्हणजे वैर पुढच्या दिवसाच्या वहीत ओढायचं नाही, एवढंच. मुद्दा सकाळी सोडवा. रात्री एवढं म्हटलं तरी पुरे: “हे उद्या बोलू, पण मी तुझ्याविरुद्ध नाही.” आणि प्रभूची प्रार्थना म्हणताना “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे” या ओळीवर थांबून त्या माणसाचं नाव मनात घ्या.

चूक झालीच तर माफीबद्दल थोडं. “सॉरी, पण तू पण” या वाक्यात माफी नाही. काय केलं ते नाव घेऊन सांगा: “काल जेवताना मी ओरडलो, ताट सरकवून दिलं. ते चुकीचं होतं. मला क्षमा कर.” मग गप्प बसा. लगेच उत्तराची अपेक्षा नको. गणना ५:७ मध्ये पाप कबूल करून पूर्ण भरपाई द्यायची आणि वर पाचवा हिस्सा घालायचा असा नियम आहे. रागात मोबाईल फेकून फोडला असेल तर नुसता दुरुस्त करून भागत नाही, असा त्याचा घरगुती अर्थ. येशू तर मत्तय ५ मध्ये अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करून ये म्हणतो.

आणि हात उगारला जात असेल, तर हा लेख पुरेसा नाही. मार खाणाऱ्याला “क्षमा कर, सहन कर” असं सांगणं म्हणजे शास्त्राचा गैरवापर आहे. क्षमा करणं आणि त्याच घरात मार खात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. मारणाऱ्याने पाळकांकडे जावं आणि समुपदेशकाकडेही. एकाऐवजी दुसरं चालणार नाही.

रोजच्या सरावासाठी येशूसंघ (जेझुइट) या धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांची रीत मला सगळ्यात उपयोगी वाटते. ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे. एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठल्यावर त्याबद्दल सावध राहायचं ठरवायचं. कागदावर प्रत्येक दिवसाला दोन रेघा. दुपारच्या जेवणानंतर उठल्यापासूनचा तास न् तास आठवायचा आणि जितक्या वेळा चुकलं तितके ठिपके पहिल्या रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर. दिवसभरात चूक झाली की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चार लोकांतही कुणाला कळत नाही. मग दुसरी रेघ पहिलीशी, आज कालशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा.

यात घोटाळे ठरलेले आहेत. राग आला म्हणून ठिपका देऊ नका. आवाज चढवला, टोमणा मारला, दार आपटलं, अबोला धरला, यांना द्या. अबोला मोजायला लोक विसरतात, पण तोही रागच, फक्त थंड केलेला. दुसऱ्याने काय केलं ते कागदावर लिहू नका. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसतात, कारण पूर्वी जे दिसतच नव्हतं ते आता दिसायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच बरेच जण कागद फाडतात. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाच्या यादीत ‘इंद्रियदमन’ अगदी शेवटी आहे आणि मूळ ग्रीकमध्ये ‘फळ’ एकवचनी आहे. प्रीती नसताना एकटा संयम पिकत नाही. बाप्तिस्म्याने स्वभाव धुऊन निघत असता तर रेव्हरंड ना. वा. टिळकांचा तापटपणा लक्ष्मीबाईंना स्मृतिचित्रांत लिहावा लागला नसता.

तिसऱ्या आठवड्यात कागद खिडकीपाशी धरून नीट पाहा. ठिपके सारखे पसरलेले नसतात. बहुतेक घरांत ते संध्याकाळच्या रेघेवर दाटतात, कामावरून परतल्यापासून जेवणापर्यंतच्या दीड-दोन तासांत. माणूस दावीदासारखाच उपाशी असतो, त्यात मुलाची गणिताची वही समोर येते. तेव्हा चौथ्या आठवड्यापासून घरात शिरल्यावर आधी हातपाय धुवा, मूठभर शेंगदाणे किंवा पोहे खा, दहा मिनिटं बसा. वही त्यानंतर उघडा.