तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"एवढ्या पैशात नवी कोरी गाडी आली असती. मग ही जुनी लक्झरी सेडान कशाला घेतलीत?"

तीन वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की आता समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं, येतोय. काही जण विचारण्याआधी माझ्या नवऱ्याकडे बघतात. खरं उत्तर त्याच्याकडे असणार आणि मी नुसती शेजारच्या सीटवर बसणारी, असं काहीसं. त्याचा यात संबंध नाही. गाडी माझी, पैसे माझे, आणि वेडेपणा असेल तर तोही माझाच.

आजवर मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. ऑफिसात हिशेब सांगितला. मावशीला सहा एअरबॅग सांगितल्या. दिराशी तर चक्क भांडले. त्यातलं कुठलंच उत्तर खोटं नव्हतं, पण पूर्ण खरं एकही नव्हतं.

हिशेब आधी, कारण तो अजूनही मला पाठ आहे. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सगळ्यात जोरात घसरते, आणि गाडी जितकी महागातली तितकी ती घसरण मोठी. ती कोणीतरी दुसऱ्याने सोसली होती. सात वर्षं वापरलेली गाडी मला मूळ किमतीच्या जेमतेम पाव हिश्शात मिळाली. तेवढ्यात नवी म्हणजे तीन सिलिंडरची हॅचबॅक, आणि तीही खालचं मॉडेल. आता दोन्ही गाड्यांची दारं लावून बघा, आवाज ऐका आणि मला सांगा.

दीर म्हणतो, ही मोठ्या साहेबाच्या गाडीची धाकटी, परवडत नाही त्यांच्यासाठी काढलेली. बीएमडब्ल्यूने १९७५ मध्ये पहिली थ्री सिरीज काढली, मर्सिडीजने १९८२ मध्ये '१९०' नावाची, ऑडीने १९९४ मध्ये ए४. बॅज तोच ठेवून लहान गाडी विकायची, ही विक्रीची युक्ती होतीच, मान्य. पण लहान म्हणजे हलकी, आणि हलकी म्हणजे वळणावर चांगली. मोठ्या साहेबाची गाडी मागे बसणाऱ्यासाठी असते. ही चालवणाऱ्यासाठी. दिराला हे पटत नाही, कारण तो मागे बसून आला होता आणि त्याचे गुडघे पुढच्या सीटला लागत होते.

(कूपेही पाहिली होती. दिसायला अशी, की बघून पोटात कालवाकालव व्हावी. पण दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात. शेजारी दुसरी गाडी उभी असली की दार अर्धंच उघडतं आणि त्या फटीतून अंग चोरून बाहेर यावं लागतं. पंचेचाळिशीत ते शोभत नाही, म्हणून सेडान.)

हिशेबात एक भोक होतं. ते मला तेव्हाही दिसत होतं आणि मी त्यावर हात ठेवून बसले होते. गाडीची किंमत पावपट झाली म्हणून तिच्या सुट्या भागांची होत नाही. शॉक अब्सॉर्बरला काय माहीत, आपली गाडी आता स्वस्तातली झाली म्हणून? रन-फ्लॅट टायर, म्हणजे पंक्चर झाले तरी काही अंतर जाणारे, असतील तर स्टेपनी नसते, आणि एक टायर बदलायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. बॅटरी बदलली की नवी बसवल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून सांगावं लागतं. गिअरबॉक्सचं तर नवलच. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते, ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला. तोच गिअरबॉक्स बसवून गाडी विकणारे सांगतात, हे तेल आयुष्यभराचं आहे. कोणाच्या आयुष्यभराचं, ते मात्र विचारायचं नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. "बिचारीला गाडीतलं काय कळणार, फसवलं कोणीतरी" असं म्हणणारे भेटतात तेव्हा मी चिडते. पण मला फसवलं गेलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

मी यादी करून गेले होते. एक पूर्ण पान. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते बघायचे, आणि चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का तेही. चार चाकांना चार कंपन्यांचे टायर घालणाऱ्या माणसाने इंजिन ऑइलमध्ये हात आखडला नसेल, असं कोणी म्हणू नये. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागून आणलं होतं. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, खाली पुट्टी असेल तर आकडा कितीतरी वर जातो. स्कॅनर लावला. त्यात एरर नाही एवढ्यावर खूश व्हायचं नसतं. गाडीचा कॉम्प्युटर स्वतः करतो त्या तपासण्या 'अपूर्ण' दाखवत असतील तर नुकतेच कोणीतरी एरर पुसले असावेत असं समजायचं. सगळ्या तपासण्या पूर्ण होत्या. टायर एकसारखे. एका दारावर रंग दुसऱ्यांदा मारलेला, पण ते विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं. सर्व्हिसच्या नोंदी सलग. मीटर मागे फिरवल्याची खूण नाही.

यादीत पहिल्या नंबरवर काय होतं, सांगू? 'गाडी पूर्ण गार असताना स्टार्ट करणे.'

त्याचं कारण थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या इंजिनांत टायमिंग चेन असते, व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं. सकाळी स्टार्ट केली की दाब तयार होईपर्यंत एखाद-दोन सेकंद चेन सैल असते. सगळं ठीक असेल तर काही ऐकू येत नाही. चेन लांबली असेल किंवा तिच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजल्या असतील, तर त्या दोन सेकंदांत डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो आणि मग गप्प होतो. गरम इंजिनात तो बहुतेकदा येतच नाही. म्हणजे या आजाराची सगळ्यात सोपी तपासणी फुकट आहे. फक्त सकाळी लवकर जायचं.

आम्ही दुपारी गेलो. गृहस्थ सभ्य, हळू बोलणारे. गाडी धुवून पुसून उभी होती. मी तिच्याभोवती एक फेरी मारली, आणि फेरी संपताना बॉनेटवर तळहात ठेवला. यादी होती ना.

बॉनेट गरम होतं. उन्हाने तापलेलं नव्हे, गाडी सावलीत होती. आतून आलेली ती ऊब होती.

मी मान वर केली तर ते माझ्या हाताकडेच बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "आत्ताच धुवून आणली, तुम्ही येणार म्हणून." मी "हो का" म्हटलं. एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला आठवतं, आणि आठवायला नको वाटतं.

नवरा म्हणाला, "उद्या सकाळी येऊन परत बघू या का?" त्याला गाडीतलं फार कळत नाही, पण यादी टाइप त्यानेच केली होती. मी म्हटलं, "नको. तोवर दुसरं कोणी घेऊन जाईल." घेऊन जाणार असल्याचं कोणी म्हटलं नव्हतं. आमच्यानंतर कोणी येणार आहे असं ते गृहस्थ बोललेही नव्हते. ते मी तिथल्या तिथे तयार केलं.

कारण तो हे म्हणण्याआधी मी गाडीत बसले होते. सीट खाली होती, पाय पुढे सरळ. स्टीअरिंग जाड आणि जड. मग चालवली. पहिलंच वळण आलं आणि गाडी झुकलीच नाही, जमिनीवर बसली. इतकी वर्षं मी गाडी 'नेत' होते. आपल्याला चालवता येतं हे मला त्या वळणावर कळलं. यानंतर यादीतली पहिली ओळ वाचायला मी तयारच नव्हते.

पहिल्याच सकाळी आवाज आला. दोन सेकंद, खिळ्यांचा डबा. मी स्वतःला सांगितलं, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर असतील. डायरेक्ट इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन टकटक करतंच, हे खरंही आहे. फक्त इंजेक्टरची टकटक दोन सेकंदांनी थांबत नाही, इंजिन चालू आहे तोवर चालते. तेही मला माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी गाडी स्टार्ट करताना रेडिओ मोठा ठेवायला लागले. हे मी पहिल्यांदाच कबूल करतेय. नवऱ्यालाही हे वाचूनच कळेल.

तिसऱ्या आठवड्यात इंजिनचा दिवा लागला. मेकॅनिकने स्कॅनर लावला, व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट आणि पिस्टनने फिरणारा क्रँकशाफ्ट यांचा मेळ बसत नसल्याचा एरर होता. मग गाडी रॅम्पवर घेऊन त्याने ऑइल काढलं आणि खालचा चेंबर उतरवला. ऑइल खेचायच्या जाळीत तपकिरी तुकडे अडकले होते, नखाएवढे. चेनच्या पट्ट्यांचे. त्याने ते पुसले आणि माझ्या तळहातावर ठेवले. तोच हात. "ताई, हे काही महिन्याभरातलं नाही," म्हणाला. मी म्हटलं, "माहीत आहे." चेन काही दात निसटली असती तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले असते आणि इंजिन गेलं असतं, हेही त्याने सांगितलं. तेही माहीत होतं.

आमच्या इंजिनात ती चेन मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. म्हणजे चेन बदलायला इंजिन उतरवावं लागतं. उतरवलंच आहे तर मागचं ऑइल सील, वॉटर पंप, इंजिन माउंटिंग. यादी परत एकदा, या वेळी मेकॅनिकच्या हस्ताक्षरात. गाडी सहा आठवडे बाहेर होती. बिल झालं गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

"मग त्या माणसाला जाब का नाही विचारलात?" हा दुसरा प्रश्न, पहिल्याचा धाकटा भाऊ. फोन हातात घेतला होता दोनदा. पण तो काय म्हणाला असता? "तुम्ही हात लावून बघितला होतात ना?" खरंच गाडी धुवायला नेली असेल. काही युरोपीय कंपन्या ३०,००० किलोमीटरपर्यंत ऑइल न बदलायला परवानगी द्यायच्या. त्याने तेवढंच पाळलं असेल आणि बिचाऱ्या पट्ट्या जुन्या ऑइलमध्ये शिजल्या असतील. तो रोज सकाळी तो आवाज ऐकत होता का, की त्यानेही रेडिओ लावला होता, मला सांगता येणार नाही.

आता तेव्हाची मी आणि आताची मी यांचं भांडण. तेव्हाची म्हणते, बिल धरूनही नव्या हॅचबॅकपेक्षा फार पैसे गेले नाहीत, बेरीज कर. मी करते. दर सहा महिन्यांनी करते. गेलेले सहा आठवडे, रिक्षाचे पैसे आणि रात्रीची झोप धरली नाही तर ती जिंकते. धरली तर हरते. मग ती म्हणते, झोपेला भाव कुठे असतो? मी म्हणते, तुझ्या त्या वळणालाही नसतो. इथे दोघी गप्प बसतो. दुसऱ्या वर्षी व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळायला लागलं तेव्हा मी विकायची म्हणून फोटोही काढले. फोटो इतके छान आले की विकवेना. याला उत्तर म्हणत नाहीत, मला कळतं.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एकीला याच वर्गातली गाडी घ्यायची होती. तिने मला सोबत नेलं. आदल्या रात्री मीच विकणाऱ्याला फोन केला, "सकाळी सातला येतोय, तोवर गाडी स्टार्ट करू नका." तो थोडा नाराज झाला. पोचल्या पोचल्या मी बॉनेटवर हात ठेवला. गार, दवाने ओलं. मी आत बसले, काच खाली केली आणि बटण दाबलं. एक सेकंद. दोन. काहीही नाही, नुसती इंजिनची घुमी सुरुवात.

तिने शेवटी घेतली नाही. आतलं लेदर पांढरं होतं, घरात दोन लहान मुलं. बाहेर उभी राहून ती विकणाऱ्याला तेच समजावत होती, आणि तो भाव उतरवत होता. मी अजून आतच बसले होते. मैत्रीण खिडकीशी येऊन म्हणाली, "चल, निघू या ना?"

मी म्हटलं, "एक मिनिट. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललंय, विचार ना त्यांना."