गुरुवारचं शटडाउन

गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. भोसरीत जुना कारखाना, चाकणला नवा, शिरवळला प्रेस शॉप, भिवंडीला गोदाम, आणि नुकतंच विकत घेतलेलं गोकुळ शिरगावचं युनिट. या जागा नेटवर्कने जोडणाऱ्या राउटरसाठी तीन व्हेंडरांची कोटेशनं आली होती आणि मालकांचं माझ्याकडे एकच काम होतं, "यातला राउटर कुठला घ्यायचा तेवढं सांगा." मीटिंग चाकणला ठरली, गुरुवारी. त्या दिवशी प्लांटला सुट्टी, म्हणून मालकांना सवड.

सगळ्यांत स्वस्त कोटेशनवर ठळक अक्षरांत 'एक जीबीपीएस' छापलेलं, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट (एमबीपीएस). हा आकडा खोटा नसतो, पण तो मोठ्या पॅकेटवर, एन्क्रिप्शन न लावता मोजलेला असतो. साइट-साइटमधला डेटा आयपीसेक टनेलमधून, म्हणजे इंटरनेटवरूनच पण कुलूपबंद केलेल्या वाटेने, जाणार असेल तर बघायचा आकडा निराळा, आणि तो डेटाशीटमध्ये शोधावा लागतो. व्हेंडरला मी दोन डेमो युनिट आणायला सांगितले होते. ते टेबलावरच एकमेकांना जोडले, दोन्ही टोकांना लॅपटॉप लावले आणि वेग मोजणारं आयपर्फ चालवलं. टनेलशिवाय ९४० एमबीपीएस. टनेल चढवून एईएस-२५६ हे एन्क्रिप्शन लावल्यावर आकडा नव्वदच्या आसपास घुटमळायला लागला आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला. एन्क्रिप्शनसाठी हार्डवेअरची मदत नसली की असंच होतं.

"सर, पण लाइन तरी कुठे एवढ्या स्पीडची आहे?" व्हेंडर म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. शिरवळला ५० एमबीपीएसची लाइन, तिथे हा डबा आरामात चालला असता. सगळे टनेल जिथे एकत्र येतात तिथे मात्र नाही.

एवढ्यात भिवंडीहून फोन. लेबलं निघत नाहीत, गाडी डॉकला लागून उभी. लेबल निघतं ईआरपीतून, म्हणजे कंपनीचा सगळा हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, ईआरपीचा सर्व्हर भोसरीत, इन्व्हॉइसही तिथूनच. माल रस्त्याने न्यायला लागणारं ई-वे बिल मोबाईलवरूनही काढता येतं, पण इन्व्हॉइस नंबरच नाही तर ते काढणार कशावर? व्हेंडरने संधी सोडली नाही. "बघा, भिवंडीचा राउटर गेला. मी मघापासून तेच सांगतोय."

गंमत अशी की भिवंडीचा सुपरवायझर त्याच राउटरचे दिवे आम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवत होता, गोदामाच्याच वायफायवरून. म्हणजे तिथलं इंटरनेट ठणठणीत होतं. शिरवळचा टनेल बघितला, पडलेला. आम्ही बसलो होतो त्या चाकणचाही पडलेला. दुखणं भोसरीतच होतं.

भोसरीला महावितरणचं देखभालीचं शटडाउन चालू होतं. दर गुरुवारी वीज जातेच असं नाही. त्यात पूर्वी गुरुवारी भिवंडीही बंद असायची, दुकानदारांचा माल सुरू झाल्यापासून ती चालू राहायला लागली. म्हणून ही अडचण आधी कुणाला जाणवली नव्हती. आयटी बघणारा मुलगा फोनवर सांगत होता, "सर, सर्व्हर रूम जनरेटरवर आहे, सगळं चालू आहे."

म्हटलं, राउटरच्या वॅन पोर्टची, म्हणजे बाहेरून इंटरनेट येतं ती, केबल हातात धर आणि ती जाईल तिथपर्यंत जा.

थोड्या वेळाने त्याचा फोटो आला. वॉचमनच्या केबिनमध्ये लाकडी फळीवर फायबरचा पांढरा डबा, दिवे विझलेले. शेजारी दुसऱ्या इंटरनेट कंपनीचा डबा, तोही मेलेला. दोन्हींचे अडॅप्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, उरलेल्या सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर. केबिन जनरेटरवर नव्हतीच. एक लाइन पडली तर दुसरी चालावी म्हणून दोन कंपन्यांना दरमहा पैसे जात होते! बोर्डाची वायर शेजारच्या टाइम ऑफिसातल्या जनरेटरच्या पॉइंटला लावली, टनेल उभे राहिले, भिवंडीला लेबलं निघायला लागली.

मग कोटेशनं बाजूला सारून कोरा कागद घेतला. हब, म्हणजे सगळे टनेल एकत्र येतात ती जागा, भोसरीतून हलवायचा, सर्व्हरसकट, नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये. तिथे दोन राउटर आणि स्थिर पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता. ही शेवटची गोष्ट मालकांना खर्चिक वाटली, पण भिवंडीला दुसरी लाइन म्हणून ४जी सिम लावायचं होतं. सिमला मिळणारा पत्ता बघितला तर १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला. म्हणजे मोबाईल कंपनीच्या सामायिक नॅटमागे, अनेक ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्याआड, जिथे बाहेरून कुणाला पोचता येत नाही. टनेल भिवंडीनेच उघडायचा, आणि त्यासाठी समोरचा पत्ता पक्का हवा.

खरी कटकट होती गोकुळ शिरगावची. तिथले आतले पत्तेही १९२.१६८.१ ने सुरू होणारे, भोसरीतलेही १९२.१६८.१ नेच, प्रिंटर आणि हजेरीच्या मशीनमध्ये पत्ते हाताने भरलेले. अशा दोन जागा टनेलने जोडल्या की समोरच्या प्रिंटरला पाठवलेलं पॅकेट आपल्याच बिल्डिंगमध्ये भटकतं. दहाने सुरू होणाऱ्या गटात १,६७,७७,२१६ पत्ते पडून आहेत, कंजुषी कशाला? दुसरा आकडा साइटचा, तिसरा विभागाचा: ऑफिस, मशीन, कॅमेरे वेगवेगळे. पत्ता वाचला की कुठला ते कळतं. बदलायला रविवार लागतील, तोवर तात्पुरतं नॅट, म्हणजे वाटेत पत्ता बदलून देणं.

राउटरचा निर्णय त्यानंतर पाच मिनिटांत झाला. हबला आणि चाकणला मधल्या कोटेशनमधले, बाकी सगळीकडे तोच स्वस्त डबा. व्हेंडर खूश. मालक अडले ते एका जास्तीच्या राउटरवर, जो सेटिंग भरून चाकणच्या कपाटात ठेवा असं मी सुचवलं होतं.

"वापरायचाच नाही तर घ्यायचा कशाला?"

बरीच घासाघीस झाली. अखेर तो पुढच्या तिमाहीवर गेला, आणि केबिनसाठी छोटा यूपीएस मात्र त्याच संध्याकाळी मागवला.