मॅडमना फोन द्या

रविवार, रात्री उशिरा

दुपारी मैत्रिणीचा लांबलचक व्हॉइस मेसेज आला. तिचं म्हणणं असं की सगळे सुपरहिरो मुळात ट्रान्सच आहेत. दोन नावं, दोन कपाटं, घरच्यांपासून लपवाछपवी आणि एक दिवस सगळं उघड. मला यातलं अर्धं पटलं. उरलेलं का पटत नाही, ते डोक्यात फिरतंय म्हणून लिहायला बसले.

पटलं ते आधी. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते आणि सगळ्यांच्या लेखी मुलगा होते. बाकीची पोरं हात वर करून गरगर फिरायची. माझं लक्ष गंगाधरकडे, म्हणजे शक्तिमानने ओळख लपवायला घेतलेल्या सोंगाकडे. पुढे आलेले दात, चष्मा, बावळट हसू आणि पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हे हातभर नाव. गंगाधर नेहमी गरजेपेक्षा जरा जास्तच गंगाधर असायचा. संशय येऊ नये म्हणून माणूस करतो तसं. मीही तेच करत होते. आवाज खर्जात, चालताना खांदे ताठ, क्रिकेट खेळताना सगळ्यात मोठ्याने शिवी माझी. आमच्या गल्लीत माझ्याइतकं मुलगेपण कुणीच दाखवत नसेल.

सुपरमॅनचंही मुळात असंच होतं. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी तो पहिल्यांदा छापून आणला तेव्हा खरा होता सुपरमॅन, आणि चष्मा लावून घाबरट वागणारा क्लार्क केंट हे सोंग. पुढे १९८६ साली जॉन बर्नने सगळी कथा नव्याने मांडली आणि ते उलटं केलं: कॅन्ससच्या शेतावर वाढलेला क्लार्क खरा, केप म्हणजे कामाचे कपडे. एकाच माणसाबद्दल दोन उत्तरं, आणि वाचकांनी दोन्ही पचवली. आमच्या नातेवाइकांना एकच पचायला इतका त्रास का होतो, कोण जाणे.

आणि थापा! नोकरीच्या सुरुवातीच्या काळात शनिवारी रात्री मी मी असायचे आणि सोमवारी सकाळी परत गंगाधर. नेलपॉलिश रिमूव्हरने निघतं, वास तेवढा बोटांना राहतो. काजळ मात्र हट्टी. खोबरेल तेलाने पुसा, साबणाने धुवा, पापणीच्या मुळाशी एक बारीक रेघ उरतेच. शेजारच्या टेबलावरचे काका चष्म्यावरून बघत विचारायचे, "काय रे, जागरण?" मी म्हणायचे, "डोळे आलेत." एका माणसाचे वर्षातून इतक्या वेळा डोळे येतात यावर त्यांनी कसा विश्वास ठेवला, देव जाणे. ठेवला नसेलही. पीटर पार्करच्या, म्हणजे स्पायडरमॅनच्या, जाळ्यांपेक्षा त्याच्या थापा मला जवळच्या वाटतात त्या यामुळे. उशीर का झाला, गालावर काय लागलं, फोन का उचलला नाहीस. ताकद एक दिवस येते, थापा रोज माराव्या लागतात.

इथवर मैत्रीण बरोबर. घोडं अडतं ते मुखवटा निघतो तिथे.

या गोष्टींमध्ये मुखवटा ओढला की खाली 'खरा' चेहरा निघतो आणि त्याला जन्मदाखल्यावरचं नाव असतं. खलनायकाच्या हाती ते नाव लागलं की हिरो संपला. लोक माझ्याकडे बघतात तेही याच नजरेने. त्यांच्या मते मी म्हणजे पोशाख, आणि आत कुणी एक माणूस लपलाय. त्याचं नाव शोधलं की झालं, मी सापडले. "ते ठीक आहे गं, पण खरं नाव काय?" हे मला लग्नाच्या पंगतीतही विचारून झालंय, मठ्ठ्याची वाटी पुढे करता करता.

परवा बँकेतून फोन आला. पलीकडच्या मुलाने माझं नवं नाव घेतलं. मी म्हटलं, "बोलतेय."

"सर, जरा मॅडमना फोन द्या ना."

"मीच मॅडम."

"नाही सर, खातेदारांशीच बोलावं लागेल."

जन्मतारीख सांगितली, आईचं नाव सांगितलं. सगळं जुळत होतं, फक्त आवाज जुळत नव्हता. शेवटी तो बिचारा म्हणाला, "मॅडमना शाखेत पाठवा." जुन्या नावाने विचारलं असतं तर हाच आवाज चालला असता.

त्यात गंमत अशी की आमचं गुपित सरकारच छापतं. नाव बदलायचं तर राजपत्रात सूचना येते: जुनं नाव, नवं नाव, शेजारी शेजारी, कुणीही उघडून वाचावं. २०१४ च्या नाल्सा निकालात, म्हणजे ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, ही गोष्ट मोठीच. पण पुढे कागद हलवायचे तर प्रत्येक टेबलावर त्या जुन्या नावाची प्रत ठेवावी लागते. क्लार्क केंटला तो काम करतो त्याच वर्तमानपत्रात, डेली प्लॅनेटमध्ये, तशी नोटीस द्यायला लावली असती तर?

स्पायडरमॅनच्या कॉमिक्समध्ये एक प्रसंग मला फार आवडतो. मे काकू पीटरच्या घरी येते आणि तो मार खाऊन, फाटक्या पोशाखात झोपलेला तिला दिसतो. नंतर २००२ च्या एका अंकात दोघं बसून फक्त बोलतात. मारामारी नाही, काही नाही. माझ्या आईने गादीखालची ओढणी धुऊन, इस्त्री करून माझ्याच कपाटात ठेवली होती, बोलली मात्र पुष्कळ उशिरा. आणि प्रकाशकांनी काय केलं? २००७ मध्ये सैतानाशी सौदा घडवून आणला आणि सगळ्या जगाला ते गुपित विसरायला लावलं, मे काकूलासुद्धा. मला आजही राग येतो. गुपिताशिवाय त्यांची मासिकं चालत नसतील. आमची घरं बरी चालतात.

संध्याकाळी भाचीबरोबर 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' पुन्हा पाहिला. २०२३ चा. त्यातली ग्वेन बापाच्या नकळत मुखवटा घालणारी स्पायडर-नायिका. तिच्या जगाचे रंग निळे, गुलाबी, पांढरे, तिच्या मनाबरोबर ओघळणारे. खोलीत ट्रान्स मुलांना जपा असं सांगणारा झेंडा. तिचा बाप पोलीस. तो तिच्यावर पिस्तूल रोखतो, ती मुखवटा काढते. क्षणभर वाटतं, आता मिठी मारेल. तो तिला अटकेच्या वेळी सांगायचे हक्क वाचून दाखवायला लागतो. थरथरत, पण वाचतो. भाची म्हणाली, "आत्या, ती रोज घरात बोलते ना? मग बापाला आवाज कसा ओळखू आला नाही?" मी म्हटलं, बापांचं असंच असतं. पुढे तो नोकरी सोडतो, तेव्हा मात्र मी भाचीकडे बघायचं टाळलं.

ही सगळी रूपकं झाली. रूपक बाजूला ठेवून थेट ट्रान्स नायिका आणली की काय होतं, ते 'सुपरगर्ल' मालिकेत बघावं. २०१८ मध्ये तिथे निया नाल, म्हणजेच ड्रीमर आली. भूमिका निकोल मेन्सची, जी स्वतः ट्रान्स आहे. शाळेत मुलींचं स्वच्छतागृह वापरू दिलं नाही म्हणून तिच्या बाजूने लढलेला खटला २०१४ साली मेन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला गेला होता. नियाच्या घराण्यात भविष्य दिसण्याची शक्ती आईकडून मुलीकडे जाते. सगळे धरून चालतात की ती थोरल्या बहिणीला मिळणार, आणि ती येते नियाकडे. चिडलेली बहीण तोंडावर म्हणते की तू तर खरी बाईही नाहीस.

त्यानंतर ड्रीमर मुखवटा घालून टीव्हीवर मुलाखत देते आणि सगळ्या देशासमोर सांगते की मी ट्रान्स स्त्री आहे. ऑफिसातलं निया हे नाव मात्र सांगत नाही. ते तिने कामासाठी झाकून ठेवलंय, शत्रू घरापर्यंत येऊ नयेत म्हणून. मी तो भाग लगेच परत लावला. त्या मालिकेचे संवाद बरेचदा बेताचेच आहेत आणि काही खलनायक तर विचारूच नका, पण त्या मुलाखतीच्या जोरावर मी पुढचे दोन सीझन सहन केले.